पटांगणातला पुस्तकमेळा : कामाच्या नोंदी

६ ऑक्टोबर २०२४, रविवार

पहिली बैठक आमच्याच घरच्या हॉलमध्ये. पाच जण, दोन चहा, एक वही. वही माझ्याकडे, कारण ऑफिसात मी लेजर लिहिते आणि बाकीच्यांचं अक्षर लागत नाही.

निमित्त तसं साधंच. गुरुवारी, ३ तारखेला, मराठीला अभिजात दर्जा मिळाल्याची बातमी आली आणि सोसायटीच्या ग्रुपवर दोन दिवस नुसते अभिनंदनाचे मेसेज. खजिनदार ताई म्हणाली, आता पुरे, काहीतरी करू. (ती खजिनदार नंतर झाली, पण नोंदीत आतापासूनच तसं लिहिते.)

ठरलं ते असं. शनिवार-रविवार, १८ आणि १९ जानेवारी. १४ ते २८ जानेवारी हा सरकारी मराठी भाषा संवर्धन पंधरवडा, त्यात बसतं. फेब्रुवारीत दहावी-बारावीच्या परीक्षा, तेव्हा माईक लावला तर आया खाली येऊन भांडतील आणि त्यांचंच बरोबर असेल. पुस्तकं विकायला, गोष्टी सांगायला, गाणं ऐकायला. भाषणं नाहीत. दीपप्रज्वलनावर मतभेद, विषय पुढे ढकलला.

पेटीवाले काका शेवटी बोलले. ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून आहे, २०१० च्या डिसेंबरात ८४ वं साहित्य संमेलन इथेच झालं, तुम्ही नवीन काय करणार? कोणाकडेच उत्तर नव्हतं. ताई म्हणाली, ते सगळं पश्चिमेला, इथे पूर्वेला, कोपरीत कधी झालं? ते मात्र खरं. इथल्या आज्यांना स्टेशनचा पूल चढून पलीकडे जायचं म्हणजे गुडघ्यांची परवानगी काढावी लागते.

काका त्या संमेलनात स्वयंसेवक होते. त्यांचं निरीक्षण तसंच्या तसं लिहून ठेवते: “मांडवात टाळ्या, ग्रंथदालनात गर्दी, आणि दोघांची ओळख नाही.”

१९ ऑक्टोबर, शनिवार

हॉल मिळाला. स्टेशनपासून चालत दहा मिनिटं, दीडशे खुर्च्या. व्यवस्थापकांनी तोंडी हो म्हटलं, पावती डिसेंबरात देतो म्हणाले. १५ तारखेपासून आचारसंहिता लागली आहे, बॅनरचं कोणाला विचारायला गेलं की “निवडणूक होऊ दे” एवढंच उत्तर. २३ नोव्हेंबरला निकाल. तोवर रस्त्यावरचं काही नको.

१० नोव्हेंबर, रविवार

दिवाळीचे दिवस गेले. आज कार्यक्रमाचा आराखडा.

माझ्या डोक्यात सरळ होतं: दिवसा पुस्तकं, संध्याकाळी गोष्टी, शेवटी गाण्याची मैफल. काकांनी तो कागद उलटा केला. त्यांचे वडील नारदीय कीर्तन करायचे. काका म्हणाले, कीर्तनात गाणं शेवटाला राखून ठेवतात का? पूर्वरंगात अभंगाचं निरूपण, उत्तररंगात आख्यान, आणि दोन्हींमधून पेटी-तबला सतत चालू. बुवा गोष्ट सांगता सांगता पद धरतो, पद संपतं तिथून गोष्ट पुढे उचलतो. माणूस उठून जाईल अशी फटच ठेवत नाही. मैफल शेवटी ठेवाल तर लोक आठ वाजता येतील, गाणं ऐकतील आणि पुस्तकांच्या टेबलाकडे पाठ करून घरी जातील.

मला पटलं, पण लगेच मान्य केलं नाही. अर्धा तास वाद घातला.

नवा आराखडा: चाळीस-चाळीस मिनिटांचे तुकडे. प्रत्येक तुकड्यात एक गोष्ट, तिला पेटी-तबल्याची साथ, मग वीस मिनिटं काहीच नाही. त्या वीस मिनिटांत लोकांनी पुस्तकांशी जावं. महिला भजनी मंडळ एकनाथांची भारुडं करणार, अभिनयासकट. गाणंही झालं, गोष्टही झाली.

२४ नोव्हेंबर, रविवार

पुस्तकवाले भेटले. नौपाड्यात लहान दुकान, प्रदर्शनं लावायची सवय. अटी: माल विक्री किंवा परत, गठ्ठे त्यांच्या टेम्पोने, मोजणी दोन्ही बाजूंनी, वाचकाला दहा टक्के सूट, आम्हाला विक्रीवर पाच टक्के. पाच कमी वाटतात, पण दुकानदाराला स्वतःलाच प्रकाशकाकडून काय सुटतं ते पाहिलं तर जास्त मागायला जीभ रेटत नाही. ते जानेवारीवर खूश आहेत. फेब्रुवारीत २१ ते २३ ला दिल्लीला ९८ वं संमेलन, तेव्हा त्यांचा अर्धा माल तिकडे असेल.

त्यांनी एक प्रश्न विचारला जो आम्हाला सुचलाच नव्हता: “गोष्टी कुठल्या सांगणार ते आधी सांगा. ती पुस्तकं आणतो.”

तिथून गाडी हक्कांवर आली. निवृत्त शिक्षिका गोष्टी सांगणार आहेत, त्यांना मानधन देणार आहोत. काकांना मिरासदारांची एक कथा सांगायची आहे. शंकर पाटील, मिरासदार, व्यंकटेश माडगूळकर गावोगाव कथाकथन करायचे, त्यातला एक कार्यक्रम काकांनी लहानपणी ऐकलेला, ते आजही नक्कल करतात. मी १९५७ चा कॉपीराइट कायदा काढून बसले. कलम ५२ मध्ये सूट आहे: हौशी मंडळाने, पैसे न देणाऱ्या प्रेक्षकांसमोर केलेला प्रयोग चालतो. प्रवेश फुकट ठेवायचा होताच. काका एक पैसा घेणार नाहीत, म्हणून काका हौशी. पण बाईंना मानधन, मग त्या हौशी कशा? ताईने हा मुद्दा काढला आणि सगळे गप्प. शेवटी बाईंनीच सोडवलं. त्या चिं. वि. जोशींची कथा घेणार. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो, चिं. वि. १९६३ साली गेले, म्हणजे १ जानेवारी २०२४ पासून मोकळं. त्याचा व्हिडिओ टाकला तरी हरकत नाही. काकांच्या कथेचा टाकायचा नाही, ही सूचना मोबाइलवाल्या पोरांना तीनदा द्यावी लागणार.

एकनाथांचं काही विचारावं लागत नाही.

१५ डिसेंबर, रविवार

पुण्याला जाऊन आले, फर्ग्युसनच्या मैदानावरचा पुस्तक महोत्सव. शेकड्यांनी स्टॉल, पाय दुखले. आपल्याला त्यातलं काही जमणारं नाही हे कळलं आणि हलकं वाटलं. एक गोष्ट टिपून घेतली: लहान मुलं पुस्तक उचलतात ते टेबल त्यांच्या कमरेइतकं असेल तरच. आपली टेबलं मंडपवाल्याची, म्हणजे मोठ्यांच्या मापाची. मुलांची पुस्तकं सतरंजीवर मांडायची.

२२ डिसेंबर, रविवार

हॉल गेला. पावती घ्यायला गेलो तर १८ तारीख एका कंपनीच्या कार्यक्रमाला दिलेली. “तुमचं तोंडी होतं ना.” मी तिथे काही बोलले नाही, रिक्षात बोलले. रिक्षावाल्याने शांतपणे ऐकून घेतलं.

संध्याकाळी तातडीची बैठक. आमच्या तीन इमारतींमध्ये मिळून एक पटांगण आहे. त्यात बावीस गाड्या, एक कारंजं (बंद), तुळशीवृंदावन. तीन सेक्रेटरी, तीन स्वभाव. दोघांनी लगेच हो म्हटलं. तिसऱ्यांची अट: शनिवारी सकाळी पाण्याचा टँकर येईल, त्याला वाट हवी. दिली.

गाड्या दोन दिवस कुठे लावायच्या, हे काम ताईकडे. तिला शुभेच्छा.

५ जानेवारी २०२५, रविवार

आजची नोंद लांबणार.

ताईची आत्या खारीगावला असते. आगरी लग्नांतली धवलारीण. हळदीपासून वरात निघेपर्यंत प्रत्येक विधीला तिचा धवला, म्हणजे त्या विधीचं गाणं, लागतो, देवांना बोलावणं तीच गाते, भटजी असो नसो. गोष्ट आणि गाणं एका तोंडात म्हटल्यावर ताईला तिची आठवण झाली आणि आम्ही तिघी कळव्याचा पूल ओलांडून तिच्याकडे गेलो.

आत्या ओट्यावर सुकट निवडत बसलेली. सत्तरीच्या पुढे, डोळे अजून सुईत दोरा ओवतील असे. आम्ही कार्यक्रमपत्रिकेचा कच्चा कागद पुढे केला. तिने हात पुसले, कागद उलटसुलट पाहिला, परत दिला. “मना वाचता येत नाय.”

मग आम्ही तोंडाने सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, “लगीन नाय तं धवला कशाला? त्यात पौष. पौषात कसला धवला?”

आम्ही तिघी शिकलेल्या, पंचांग कोणीच पाहिलं नव्हतं. १९ जानेवारी पौषातच येते. पौषात लग्नं नाहीत, म्हणजे धवला नाही. तिच्या दृष्टीने हा तारखेचा घोळ होता, जसा आमच्यासाठी हॉलचा. मी म्हटलं, आत्या, नुसता नमुना म्हणून दोन ओळी? ताईने मला कोपराने ढोसलं. आत्या हसली नाही. देवांना खोटं बोलावणं धाडायचं आणि ते आले तर बसवायचं कुठे, असं काहीसं तिचं म्हणणं. मला त्यावर काही उत्तर देता आलं नाही, अजूनही येत नाही.

चहा झाला. निघताना तीच म्हणाली, गाणार नाही, पण लग्न कसं उभं राहतं ते सांगीन. तांदूळ कोण पाखडतं, हळद कोण दळतं, मांडवात पहिलं पाऊल कोणाचं. सांगायला पौष आडवा येत नाही. आणि ऐकायचाच असेल तर माघात या.

मानधन विचारलं तर तिने ताईकडे पाहिलं. आम्ही अडीच हजार लिहिले.

११ जानेवारी, शनिवार

तालीम. तबल्याने घात केला.

आमचा तबलजी पुरुषांच्या भजनाला वाजवणारा, त्याचा दाया (उजव्या हाताचा तबला) पेटीच्या पहिल्या काळी पट्टीला लावलेला. महिला मंडळ त्याहून चढ्या पट्टीत गातं. त्याने हातोडी घेऊन तबल्याचे लाकडी गठ्ठे ठोकले, गजऱ्यावर ठोकलं, अर्धा-एक सूर वर गेला आणि पुढे शाई कुरकुरायला लागली. एवढं ताणलं तर पुडी फाटेल म्हणून थांबला. बायका म्हणाल्या, आम्ही खाली येतो. खाली आल्या तर भारुडातला जोर गेला, अंगात आलेली बाई देवघरात पोथी वाचते आहे असं वाटायला लागलं. शेवटी तबलजीने मित्राकडून लहान तोंडाचा दुसरा दाया आणायचं कबूल केलं. दोन दाये, एक डग्गा. वहीत लाल शाईने लिहिलं: कार्यक्रमांचा क्रम लावताना सूर बघा, नाहीतर तबलजी प्रत्येक तुकड्याला वाद्य बदलत बसेल. मग सगळी पुरुष मंडळी शनिवारी, बायका रविवारी.

पोलीस ठाण्यात माईकचा अर्ज दिला. निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल, रात्री १० नंतर बंद, हे आम्हालाही माहीत होतं. साउंडवाल्याला सांगितलं, दोन टॉप पुरे, बेस आणू नकोस. त्याला आमची कीव आली असावी.

१८ जानेवारी, शनिवार

रात्रीचे साडेअकरा. पाय सुपात ठेवल्यासारखे वेगळे वाटताहेत, पण आज लिहिलं नाही तर उद्या विसरेन.

टँकर आला, गेला, चिखल करून गेला. मंडपवाल्याने त्यावर कनातीचा जुना तुकडा टाकला. दुपारी पुस्तकं लागली: १,१४० प्रती, मोजायला दोन तास.

पाच वाजता बाईंनी मुलांसाठी पहिली रेल्वे सांगितली. १६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते ठाणे. चौदा डबे, तीन इंजिनं, सुमारे चारशे पाहुणे, एकवीस तोफांची सलामी. बाई तोफा मोजत होत्या, मुलं “धडाम” म्हणत होती, तबलजी डग्ग्यावर इंजिन काढत होता. सतराव्या तोफेला आमच्या मागच्या रुळांवरून खरी लोकल भोंगा देत गेली. बाई थांबल्या. कानावर हात ठेवून म्हणाल्या, “ऐका, आली!” साठ-सत्तर मुलं एकदम मागे वळली. असा साउंड इफेक्ट पैसे देऊन मिळत नाही.

गोष्ट संपली आणि पोरं थेट सतरंजीवर. सगळ्यांना रेल्वेचंच पुस्तक हवं. आमच्याकडे प्रती चार. चार. पाच मिनिटांत संपल्या, उरलेली मुलं बाकीच्या पुस्तकांना हात न लावता चिक्की खायला गेली. पुस्तकवाले माझ्याकडे नुसते बघत राहिले. नोव्हेंबरात त्यांनी विचारलं होतं, मी यादी पाठवली होती, पण रेल्वेची गोष्ट बाईंनी गेल्या आठवड्यात बदलून घेतली आणि ती यादीत टाकायची राहिली. माझी चूक. रात्री त्यांना सगळा कार्यक्रम तोंडाने पुन्हा सांगितला, ते उद्या सकाळी दुकानातून आणखी गठ्ठा आणतील.

काकांच्या मिरासदारांना लोक पोट धरून हसले. टेबलावरच्या मिरासदारांच्या सगळ्या प्रती गेल्या, एका आजोबांनी मोठ्या अक्षरांतली आवृत्ती मागितली. ती नव्हती.

रात्री पुस्तकं मांडवातच ठेवायची होती. साडेनऊला टेबलावर हात फिरवला तर प्लास्टिकची चादर ओली. खाडी जवळ, दव पडतं. सगळी पुस्तकं उचलून बी विंगच्या क्लबरूममध्ये नेली, वॉचमनकाका आणि सहा पोरं. वरून ताडपत्री घातली असती तर चाललं असतं, असं एक जण नंतर म्हणाला. तो उचलायला नव्हता.

१९ जानेवारी, रविवार

सकाळी गर्दी कमी, मग अचानक बायका. संक्रांत होऊन पाच दिवस झालेत, रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवं चालायची. एका बाईंनी तीस रुपयांच्या पातळ पुस्तिकेच्या एकवीस प्रती एकदम घेतल्या, वाण म्हणून. “दरवर्षी प्लास्टिकचे डबे देऊन घरात जागा उरली नाही कुणाच्या.” हे ऐकून आणखी तिघींनी तेच केलं. पुस्तकवाल्यांनी त्या पुस्तिका कोपऱ्यात रचल्या होत्या, लगेच पुढे आणल्या. पुढच्या वेळी वाणाचं वेगळं टेबल.

भारुडाला दुसरा दाया चपखल लागला. त्या वीस मिनिटांबद्दल: पहिल्या दोन वेळा सूत्रसंचालकाने ती जाहिराती आणि आभारांत खाल्ली. तिसऱ्या वेळी काकांनी उठून माईकचं बटणच बंद केलं. लोक दोन मिनिटं चुळबुळले, मग उठले आणि टेबलांकडे गेले. मी मोजायचा प्रयत्न केला, चाळीसपर्यंत मोजले.

संध्याकाळी सहाला आत्या. हिरवी नऊवारी, नाकात नथ, खुर्ची नको म्हणाली, सतरंजीवर बसली. माईक हातात धरायला तयार नाही, म्हणून स्टँड खाली वाकवून ठेवला. तिने लग्न उभं केलं. तांदळापासून. हळदीच्या जात्याला आंब्याची पानं का बांधायची, कोणाचं नाव आधी घ्यायचं, विधवा बहिणीला कसं बाजूला बसवत आणि आपण एकदा तसं बसवू दिलं नाही, तेव्हा मांडवात काय झालं. हे शेवटचं आम्हाला आधी सांगितलं नव्हतं. मागच्या रांगेतल्या तरुण मुली पुढे सरकल्या. एका ठिकाणी तिचा हात नकळत ताल धरायला उचलला गेला, ओठ हलले, आणि तिने हात पदराखाली घेतला. पौष.

उठल्यावर लोकांनी टेबलाकडे जाऊन विचारलं, ह्यांचं पुस्तक कुठलं? पुस्तकवाल्यांनी माझ्याकडे बोट केलं. मी आत्याकडे पाहिलं. ती भजनी मंडळातल्या बायकांना तिळगूळ देत होती.

मुलांच्या चित्रांसाठी आणलेली दोनशे पानी कोरी वही उरली होती. ताईने ती टेबलावर ठेवली. तीन मुलींनी आत्याने वापरलेले शब्द आठवतील तसे लिहिले: सोळा शब्द, त्यातल्या पाचांवर प्रश्नचिन्ह.

२० जानेवारी, सोमवार

ऑफिसातून हिशोब. मंडप, टेबलं, खुर्च्या ११,५००. साउंड ७,०००. तबला-पेटीची साथ ५,००० (काकांनी त्यांचा वाटा तबलजीला दिला). बाई ४,०००. आत्या २,५००. छपाई २,२००. चहा-खाणं ३,९००. एकूण ३६,१००. वर्गणी ३३,४००. पुस्तकं गेली २१२, विक्री ४१,८६०, आमचे पाच टक्के २,०९३. तूट ६०७. ताईने भरली आणि ती खजिनदार का आहे ते मला पुन्हा कळलं.

उरलेल्या प्रती परत गेल्या. मोजणी जुळली, पहिल्या फेरीत. दीपप्रज्वलनाचा निर्णय शेवटपर्यंत झाला नाही, त्यामुळे ते झालंच नाही, आणि कोणी विचारलंही नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार

माघ. खारीगाव.

दिल्लीच्या संमेलनाचा आज शेवटचा दिवस, अध्यक्ष तारा भवाळकर, लोकसाहित्याच्या अभ्यासक. आत्याला हे सांगितलं, ती म्हणाली बरं. आतल्या खोलीत नातवाने भारत-पाकिस्तान सामना लावलेला, आवाज मोठा. तिने दार लोटून घेतलं.

वही उघडून आधी ते सोळा शब्द वाचून दाखवले. नऊ चुकीचे होते. एकेक शब्द तिने दोनदा म्हणून दाखवला, मी खोडून लिहिला. मग तिने पदर नीट केला आणि देवांना बोलावण्याचा धवला धरला. खोलीत लग्न नव्हतं म्हणून तिने आधी दाराकडे तोंड करून काहीतरी पुटपुटलं. ते मी विचारलं नाही.

माझं लिहिणं मागे पडायचं. ती थांबायची नाही, कारण थांबलं की तिचीही ओळ तुटते. आम्ही दोघींनी आळीपाळीने लिहायचं ठरवलं, एक ओळ ताई, एक ओळ मी. मोबाइलवर आवाज घ्यायला तिने हो म्हटलं, पण कोणाला पाठवायचा नाही या बोलीवर. शेवटी मी लिहिलेलं वाचायला लागले तर चौथ्या ओळीला तिने हात वर केला.

“हितं देव राहिला एक.”

पाहिलं तर खरंच, ग्रामदेवीनंतरची ताईच्या वाट्याची ओळ सुटलेली. तेवढ्यात आतून पोराने आरोळी ठोकली, कोणीतरी चौकार मारला असावा. आत्याने पहिल्यापासून पुन्हा सुरू केलं.

आज साडेचार पानं झाली. पुढचा रविवार फाल्गुनातला, चालतो म्हणाली. येताना जाड पेन आणा, हे पातळ अक्षर तिच्या नातीला लागत नाही.